राहिलेली आरोळी

ये, आत ये. दार लावून घे आणि कडी नीट बसली का बघ. भर दुपारी दिवा कशाला लावलाय असं वाटत असेल तुला, पण या बेटावर धुकं उतरलं की दुपार काय आणि संध्याकाळ काय. बस त्या बाकावर. मडक्यांना मात्र धक्का लावू नकोस, त्यांत रंग आहेत. भिंतीचं काम पुढे न्यायला तू नगरीतून आलायस, तेव्हा उद्या मला विचारशीलच, देवमातेचा चेहरा पुरा झालाय, पदर अर्धाच का, आणि त्याच्याखाली नुसता चुना का. त्याला एक माणूस कारण आहे. सेर्गिओस मेलानास. नाव घेतलं तरी माझं डोकं उठतं.

गादीसाठी बंड करून तोंडावर पडलेली माणसं आमच्या बेटावर आणून टाकायची, ही राजवाड्याची जुनी खोड. डोळे फोडायचे, डोकं भादरायचं, अंगावर काळी कफनी चढवायची आणि नावेत घालून द्यायचं आमच्याकडे पाठवून. आंधळ्याला कोणी सम्राट म्हणून मानत नाही, म्हणजे त्यांचं काम संपलं. आमचं तिथून सुरू होतं. त्याला न्हाऊ घाला, भरवा, त्याच्या शिव्या खा, आणि वर प्रार्थनेला वेळेवर या. अरे, तुम्हाला एवढीच माणसं अडगळ झाली असतील तर एखादं ओसाड बेट शोधा ना!

मी इथे आलो होतो फक्त भिंत रंगवायला. सेर्गिओसला नावेतून उतरवलं त्या दिवशी आमचे मठाधिपती दोसिथेओसबाबा मला म्हणाले, "नीलोस, तुझा हात हलका आहे. त्याच्या जखमा तेवढ्या तूच धू." जखमा भरल्या, पण मी त्याच्या तावडीतून सुटलो नाही. ब्रश हातात घ्यावा की त्याच्या खोलीतून हाक आलीच, "ए रंगाऱ्या! कुठे मेलास?" मठात त्याला साव्वास हे नवं नाव दिलं होतं. त्या नावाने त्याने एकदाही ओ दिली नाही. शेवटी मीही नाद सोडला.

त्याचं एकेक खूळ सांगू? खुर्चीत ताठ बसून दरबार भरवायचा. दरबारात मी एकटा, हातात वाटाण्यांचा वाडगा. "सम्राटाला पुन्हा वाटाणे?" "उपास आहे, सेर्गिओस." "माशांचा रस्सा आण." "उपास आहे म्हटलं ना!" मग रागाने मला पदावरून काढायचा आणि संध्याकाळी पुन्हा नेमायचा. बाबांना त्याने अंतिओखचा सुभा देऊन टाकला होता. बाबा आपले हसायचे. त्यांना हसायला काय जातंय, वाडगा माझ्या हातात होता.

लाल जोड्यांचा तगादा तर रोजचा. लाल जोडे फक्त सम्राटाच्या पायात असतात, दुसऱ्याने घातले तर पायच काय, मानही जागेवर राहत नाही. हे त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक. तरी म्हणायचा, "तुझ्याकडे तो लाल रंग, हिंगूळ आहे ना? दोन बोटं लाव की माझ्या चपलांना." मी तो हिंगूळ ख्रिस्ताच्या अंगरख्यासाठी किती जिवापाड जपून ठेवला होता! मी साफ नाही म्हणायचो. मग तो हलक्या आवाजात बोलायचा, तेव्हा मात्र माझा राग थोडा उतरायचा. नव्या सम्राटाला गोल ढालीवर बसवून चौघांनी खांद्यावर उचलायचं आणि सैन्याने आरोळी द्यायची, ही तिकडची रीत. "सगळं झालं होतं रे. मला ढालीवर बसवलं, खांद्यावर उचललं. फक्त आरोळी राहिली. रंगाऱ्या, मी अजून वरच आहे. मला कोणी खाली उतरवलंच नाही." आणि मग ठरलेलं वाक्य, "राज्य हातात आलं की पहिलं काम हेच. ढाल उचलणाऱ्या माणसांनी माझ्यापायी जे गमावलं, ते त्यांना परत देणार." मी म्हणायचो, "द्या, जरूर द्या. आधी एवढे वाटाणे गिळा."

आमचा स्वयंपाकी मोकिओस त्याच्या खोलीत कधी पाऊल टाकायचा नाही. ताट उंबऱ्यावर ठेवून निघून जायचा. मला वाटायचं, आळशी आहे लेकाचा. पण मोकिओसच्या पावलांचा आवाज आला की सेर्गिओस बोलता बोलता थांबायचा आणि मान त्या बाजूला वळवायचा, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

तो मेला तेव्हा ऑलिव्ह झोडपायचे दिवस होते. सगळे साधू किनाऱ्यापलीकडच्या मळ्यावर गेले होते. मठात उरलो होतो बाबा, मोकिओस आणि मी. आणि नेमका त्याच सकाळी राजवाड्याचा अंमलदार प्लातोन नावेतून उतरला. दर हिवाळ्याच्या तोंडावर कोणीतरी यायचं, कैदी जिवंत आहे ना, आंधळाच आहे ना, ते बघून जायचं. मी त्याला खोलीकडे नेलं आणि दार ढकललं.

सेर्गिओस खुर्चीत बसला होता. ताठ. उजवा हात दरबारात उचलतात तसा उचललेला. अंग गार पडलेलं. आणि पाय... घोट्यापर्यंत लालभडक. माझा सगळा हिंगूळ! कप्प्यात एकसारखी मडकी ओळीने लावलेली होती. गेरू, काजळी, हिरवा, निळा. आंधळ्याने इतर कशालाही हात न लावता लालच कसा उचलला, देव जाणे. खरं सांगतो, मला आधी माणूस मेल्याचं दुःख झालं नाही, रंग गेल्याचं झालं. मी घाईघाईने त्याच्या पायांवर घोंगडी टाकली. प्लातोनने ते पाहिलं असतं तर रंग कोणाचा, हे विचारायला त्याला वेळ लागला नसता.

"मेला?" प्लातोन म्हणाला. "उत्तम. आत्ता पुरा. माझ्या डोळ्यांदेखत."

"अहो, तो ताठलाय," मी म्हटलं. "उद्यापर्यंत अंग सैल होईल, मग रीतसर आडवा..."

"उद्या मेव्हण्याचं लग्न आहे माझ्या. धुकं दाटलं की नाव निघायची नाही. बसल्या बसल्या पुरा."

आता बसलेलं प्रेत नेणार कशावरून? आमची तिरडी म्हणजे एक अरुंद फळी. तिच्यावर ठेवून पाहिला तर कलंडायला लागला. मरूनसुद्धा हा माणूस सरळ आडवा व्हायला तयार नव्हता! मग मलाच अक्कल सुचली. द्राक्षं तुडवायच्या हौदाचं झाकण बाहेर भिंतीला टेकवलेलं होतं. जाड लाकडाचं, रुंद, गोल. मी म्हटलं, यावर बसवू आणि चौघांनी खांद्यावर घेऊ.

मोकिओसचा चेहरा पांढरा पडला. "त्याच्यावर नको."

"मग काय तुझ्या डोक्यावर बसवू?"

"नीलोस, ते गोल आहे."

"गोल आहे तर आहे! झाकण चौकोनी असतं का कुठे?"

त्याने झाकणाकडे पाठ फिरवली. आणि मी पुढे विचारलं नाही. मला घाई होती. हा एकदा मातीत गेला की माझी भिंत माझी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबांचे गुडघे धरलेले, तरी त्यांनी एक बाजू घेतली. चौथा माणूस नव्हताच. प्लातोनने वैतागून झगा खोचला, एक शिवी हासडली आणि स्वतः खांदा दिला.

आम्ही उचललं.

स्मशान मठामागे, समुद्राला लागून आहे. वाट गोट्यांची. धुकं इतकं उतरलं होतं की मला पुढे चालणारे बाबा नुसते काळ्या ठिपक्यासारखे दिसत होते. बाबा स्तोत्र म्हणत होते, त्यांच्या आवाजाखाली गोट्यांची करकर ऐकू येत होती. थोडं गेल्यावर मला वाटलं, करकर जरा जास्तच येतेय. आमच्या पावलांच्या मानाने जास्त. मग मागून काठ्यांचा आवाज यायला लागला. टक... टक. वाट चाचपडत यावं तसा. आणि वास आला. ओल्या चामड्याचा, घामेजल्या घोड्यांचा. या बेटावर घोडा कधी उतरलेला नाही.

"मागे कोण आहे?" प्लातोनने विचारलं.

बाबांनी स्तोत्राचा आवाज चढवला.

खड्ड्यापाशी आलो. बाबा म्हणाले, "टेकवा." आम्ही गुडघे वाकवले. गुडघे वाकले, झाकण वाकलं नाही. ते जिथे होतं तिथेच राहिलं, आणि आमचे हात त्याच्या कडेला चिकटल्यासारखे वर ताणले गेले. जड झालं असतं तर समजलो असतो. वजनच उरलं नव्हतं. आणखी कोणीतरी आमच्या मधोमध उभं राहून ते वर धरलंय, असं वाटत होतं. माझ्या मानेवर कोणाचा तरी श्वास येत होता. मी मागे पाहिलं नाही.

"टेकवा म्हणतोय ना!" प्लातोन ओरडला.

"टेकवतोच आहे!" मीही ओरडलो. "तुम्ही सोडा की तुमची बाजू!"

"सुटत नाहीये..."

बाबांनी अखेरची प्रार्थना म्हटली, "चिरंतन स्मृती..." ते शब्द निघताच झाकण आणखी वर गेलं. बाबांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. म्हाताऱ्याच्या खांद्यात काहीतरी कडकन वाजलं आणि ते कण्हायला लागले.

तेव्हा मोकिओस बोलला. माझ्या शेजारी, अगदी हळू. "त्या दिवशी छावणीत मीच होतो. ढालीच्या चौघांतला एक. आम्ही त्याला उचललं, सैन्य आरोळी देणार, एवढ्यात शाही घोडदळ आलं. आरोळी झालीच नाही. मी ढाल सोडून पळालो. बाकीचे तिघं धरून राहिले... त्यांचेही डोळे काढले, त्याच्याबरोबर." "आरोळी झाल्याशिवाय तो उतरायचा नाही, नीलोस. तशी रीतच आहे."

सम्राटाला उदंड आयुष्य. एवढीच ती आरोळी. गादीवरच्या सम्राटासाठी दिली तर निष्ठा, दुसऱ्या कोणासाठी दिली तर राजद्रोह.

"मला ऐकू आलंय," धुक्यातून प्लातोनचा आवाज आला. त्याचे दात वाजत होते. "जो कोणी तसं बोलेल... त्याचे डोळे काढायला लावीन. राजवाड्यापुढे, मी समोर बसून. शपथेवर सांगतो."

आम्ही तसेच उभे राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहेत की नाहीत तेही कळेना. धुक्यात काठ्या हळूहळू आमच्याभोवती फिरत होत्या. मला माझी भिंत आठवली. ओला चुना, वर नुसत्या रेषांनी काढलेला देवमातेचा चेहरा. डोळे गेले तर तो चेहरा पुरा करणारा मी नसणार, या विचाराने मला रडू आलं. आणि बाबा कण्हत होते. म्हातारा दोन्ही हातांनी लटकल्यासारखा झाला होता. शेवटी माझी भीती संपली आणि उरला नुसता संताप. वर्षानुवर्षं त्याचा वाडगा धरला, त्याची घाण काढली, माझा हिंगूळ गेला, आणि हा वर बसून मानपान मागतोय! मी मान वर केली. धुक्यात त्याचे लाल पाय तेवढे दिसत होते. घोंगडी कधीच घसरली होती.

"काय हवंय ते घे एकदाचं," मी दात ओठ खाऊन म्हटलं. "सम्राटाला उदंड आयुष्य. झालं समाधान? आता खाली ये."

क्षणभर समुद्रसुद्धा वाजला नाही. मग आमच्या मागून, धुक्यातून, घोगऱ्या आवाजात उत्तर आलं. "उदंड आयुष्य!" तीन पुरुषांचे आवाज होते ते. पाठोपाठ मोकिओस रडत ओरडला. बाबांचे ओठ हलले. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल? प्लातोन. तोंड मिटायचा त्याने प्रयत्न केला, मी पाहिलं, पण ते उघडलंच.

झाकण अलगद खाली आलं. आम्ही त्याला तसाच बसता पुरला. खड्डा खोल करावा लागला, तेही मीच केलं. माती लोटताना माझ्या लक्षात आलं की सकाळी उचललेला त्याचा हात आता गुडघ्यावर निवांत टेकलेला आहे. मी कोणाला दाखवलं नाही.

नावेत बसताना प्लातोन माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोणी काही बोललं नाही. मी काही ऐकलं नाही." म्हणणार तरी काय? खांदा त्यानेही दिला होता, आरोळीही दिली होती. मी वाचलो. त्या आनंदात मी सरळ भिंतीकडे गेलो आणि दिवस मावळेपर्यंत तिचा चेहरा पुरा केला. आयुष्यात तेवढं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. ब्रश धुताना मात्र हात थांबला. मेलेल्यासाठी आपण स्मृती मागतो. आयुष्य मागतो जिवंत माणसासाठी. आम्ही चौघांनी एका मेलेल्या माणसाला खांद्यावर घेऊन आयुष्य मागून दिलं होतं. तेही उदंड.

पुढचं थोडक्यात सांगतो. नगरीहून नावाडी बातमी घेऊन आला, प्लातोन आंधळा झाला. मेव्हण्याच्या लग्नाच्या जेवणात बसल्या जागी. डोळ्यांना काही झालेलं नाही, स्वच्छ आहेत, फक्त दिसत नाही. त्यानंतर पहिल्यांदा धुकं आलं तेव्हा स्मशानाकडून पावलं वाजली. सगळ्यांत पुढे एक जण चालत होता, झपझप, कुठेही न अडखळता. त्याच्या मागे तीन काठ्या चाचपडत होत्या.

मग एका सकाळी प्रार्थनेच्या मधेच बाबांनी विचारलं, "अरे, दिवे का विझवले?" दिवे सगळे जळत होते. पुढच्या धुक्यात काठ्या दोनच होत्या. त्यानंतर मोकिओस. चुलीपुढे बसला होता, हातातला डाव तसाच राहिला. तो घाबरला नाही, ओरडला नाही. मला म्हणाला, "माझे कोणाला गेले ते माहीत आहे मला. ढालीला माझ्या डाव्या हाताला उभा असायचा तो. त्याला मिळाले ते बरंच झालं." मग मला सेर्गिओसचं ते वाक्य आठवलं, गमावलेलं परत देण्याचं, जे मी इतकी वर्षं वाटाण्याच्या घासाबरोबर उडवून लावत होतो. त्याने आधी स्वतःची सोय पाहिली, सम्राटच तो. पण दिलेला शब्द पाळतोय, हेही खरं.

म्हणजे बघ माझं नशीब. आता एकाच्या जागी दोघांना भरवतोय. बाबा आणि मोकिओस, दोघांचे वाडगे माझ्याच हातात. भिंत राहिली ती राहिलीच. म्हणून तुला बोलावून घेतलं. पदराची कड कुठे वळते, निळा कुठे गडद करायचा, ते सगळं माझ्या डोक्यात आहे. मला दिसतंय तोवर तुला दाखवतो. धुकं उतरलं की मी भिंतीजवळ जात नाही, ही खोली बंद करून बसतो. पण आज तू आलास, तेव्हा...

थांब. ऐकलंस?

नाही, वारा नव्हे तो. गोट्यांवर वाजतंय... टक. ती एकच उरलीय आता. पुढे तिघं आहेत, ते न अडखळता चालतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. काठीकडे कान दे. पायऱ्यांपाशी आली. उठू नकोस, कडी आहे दाराला. एवढ्या जवळ ती आजवर आली नव्हती...

थांबली.

पडली का रे काठी? पडल्याचाच आवाज होता ना तो? दारातच पडली. कशाला टाकली असेल...

असो. आपण आपलं काम करू, धुक्याचं हे रोजचंच आहे. ते निळ्याचं मडकं दे इकडे, म्हणजे इथल्या इथे दाखवतो तुला.

दे ना. बघतोयस काय?

माझ्या नाकासमोरच धरलंयस म्हणतोस, दिव्याच्या उजेडात?